वारीतली चिठ्ठी गावच्या दवाखान्यात पोहोचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की आपल्या दैनिकात वारीच्या वाटेवरच्या आरोग्यसेवेच्या बातम्या येऊ लागतात. रुग्णवाहिका किती, फिरते दवाखाने किती, मोटारसायकलवरचे आरोग्यदूत किती, किती वारकऱ्यांची तपासणी झाली. मी त्या जिव्हाळ्यानं वाचते, कारण माझ्या नोकरीची २८ वर्षं त्याच वाटेवर गेली. फलटण तालुक्यात मी आधी आरोग्यसेविका आणि पुढे आरोग्य सहाय्यिका होते. माऊलींची पालखी आमच्याकडे तरडगाव, फलटण आणि बरड असे मुक्काम करत पुढे जाते. त्या दिवसांत आमच्यापैकी कुणी रजेचं नावही काढायचं नाही. निवृत्त झाल्यावर तळावरची ड्युटी संपली आणि मी दिंडीत चालायला लागले. तपासणारीच्या खुर्चीत बसले आणि तपासून घेणाऱ्यांच्या रांगेतही उभी राहिले. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करते.

सांगायचं आहे ते एका चिठ्ठीबद्दल.

राज्याच्या आरोग्य विभागाचा ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम २०२३ साली सुरू झाला. त्या वर्षी आमच्या दिंडीचे विणेकरी नेहमीसारखे आळंदीहून चालत निघाले. वय बासष्ट, घरची शेती, गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब आयुष्यात नाही. दिवे घाट चढताना त्यांचा आवाज तरण्या टाळकऱ्यांच्या वर जायचा. वारी झाली, काला झाला, माणसं गावी परतली. गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात पहाटे त्यांच्या सुनेचा फोन आला, “नर्सबाई, दादांचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाहीत.”

मी गेले तेव्हा जीप दारात उभी होती. रुग्णालयात दाखवायला जुने कागद हवेत म्हणून सुनेनं त्यांची वारीची पिशवी आणून माझ्यापुढं पालथी केली. गोपीचंदनाची डबी, पावसाचा कागद, टाळांची सुटलेली दोरी आणि हरिपाठाचं छोटं पुस्तक. पुस्तकात पानांच्या मधे तीन चिठ्ठ्या नीट घडी करून ठेवलेल्या. एक लोणंदची, एक नातेपुत्याची, एक वेळापूरची. रक्तदाब १७० वर १०४. पुढे १७६ वर १०६. पुढे १६८ वर १००. तिन्हींवर खाली लिहिलेलं, ‘पुढील तपासणीसाठी जवळच्या प्रा. आ. केंद्रात (म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात) जावे.’ प्रत्येक ठिकाणी पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिलेल्या. त्या त्यांनी घेतल्या आणि संपल्यावर बरं वाटतंय म्हणून विषय संपला. चिठ्ठ्या मात्र फेकल्या नाहीत. वारीत मिळालेला कागद, म्हणून प्रसादासारखा जपून ठेवला.

त्या तीन तळांवरच्या कुणाचंही काम चुकलं नव्हतं. भर पावसात, चिखलात टेबल मांडून त्या मुलामुलींनी माणूस तपासला होता, आजार बरोबर ओळखला होता. तरीही त्या माणसाला लकवा झालाच. तीन ठिकाणच्या नोंदवह्यांत ते तीन वेगळे रुग्ण म्हणून मोजले गेले असतील आणि त्यांच्या गावच्या उपकेंद्राच्या वहीत एकदाही आले नाहीत. मी स्वतः त्यांच्यापासून वीस पावलांवर चालत होते. एकदाही विचारलं नाही, “माऊली, तपासणी केली का, काय निघालं?” याचं दुःख मला आजही आहे.

वारी आणि सरकारी आरोग्यखातं यांचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकी, म्हणजे कॉलरा, फुटायची आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव जायची. माझे सासरे सांगायचे की त्यांच्या तरुणपणी पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात सोडत नसत, आणि ती चुकवायला माणसं आडवाटेनं, शेताच्या बांधाबांधानं जायची. सरकार अडवायचं आणि वारकरी चुकवायचे, असा तो काळ. गाडगेबाबांनी हे चित्र दुसऱ्या बाजूनं बदलायला घेतलं. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. आंधळी भक्ती, घाण, दारू, कर्ज यांवर ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. १९५६ साली ते गेले. गावाचं आरोग्य हा कीर्तनाचा विषय आहे हे त्यांनी इतकं ठसवलं, की २०००-०१ मध्ये सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा त्याला दुसरं कुणाचं नाव सुचण्याचं कारणच नव्हतं.

माझ्या नोकरीतही हेच अनुभवलं. पालखीच्या आधी आमचं पहिलं काम पाण्याचं. तळाच्या आसपासच्या विहिरी, बोअर, टँकर भरायच्या जागा, सगळीकडे टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकायचं आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, करायची. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब सोडायचे. हळदीसारखा पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, पाणी पांढरं राहिलं की टँकर थांबवायचा. एका वर्षी तरडगावला पहाटे चार वाजता एका दिंडीच्या टँकरचं पाणी पांढरं निघालं. मी टीसीएल घालायला लागले तर दिंडीतली माणसं अडून बसली. पाण्याला वास येतो, नैवेद्याचा स्वयंपाक या पाण्यात कसा करायचा? माझ्या गणवेशाला आणि कागदाला तिथं काडीची किंमत नव्हती. मग त्यांचे दिंडीप्रमुख राहुटीतून बाहेर आले. सत्तरीचे असतील. मी नळी दाखवली, कशासाठी ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आपल्या हातानं टीसीएलचं द्रावण टँकरमध्ये ओतलं. ठरलेला वेळ जाऊ दिला, मग पहिला तांब्या स्वतः प्यायले आणि म्हणाले, “ह्याच पाण्यात माऊलीचा नैवेद्य शिजवा.” पुढे एक शब्द कुणी काढला नाही. दुसऱ्या वर्षी तीच दिंडी आली आणि टँकर भरण्याआधी त्यांचा एक मुलगा मला शोधत आला, “सिस्टर, पिवळं बघायला चला.”

त्या पहाटे मला जे कळलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. दिंडीप्रमुखाला पटलं की दिंडीला पटतं. म्हणून मंडप आणि टेबलं कितीही वाढवली तरी खरा जोडीदार तो आहे, आणि नेमका तोच या सगळ्या योजनांच्या बाहेर राहतो. त्याच्याकडे परवानग्या आणि जागेच्या वाटपापुरतं जायचं, आरोग्यासाठी नाही, असं आजवर चाललंय.

बाकी गोष्टी सुधारल्या आहेत हे मी खुल्या मनानं सांगते. पूर्वी बाया दिवसभर पाणीच पीत नसत, कारण आडोसा नाही. अंधार पडेपर्यंत कळ काढायची आणि मुक्कामाला पोहोचल्यावर लघवीला जळजळ म्हणून गोळ्या मागायला यायच्या. एका तळावर एका रात्रीत अशा किती जणी यायच्या! निर्मल वारीची फिरती शौचालयं आली आणि त्यानंतर पाण्याची बाटली हातात घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या मी डोळ्यांनी पाहिल्या. ती शौचालयं लोकांनी वापरावीत म्हणून पहाटे शिट्टी घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक आणि ‘उघड्यावर जाऊ नका’ असं माईकवरून सांगणारे महाराज, दोघांचे उपकार आहेत.

पण जुलाब आणि उलट्या या वीस दिवसांच्या व्याधी झाल्या. ओआरएस पाजलं, सलाईन लावलं, माणूस पुन्हा चालायला लागतो. आजचा वारकरी पन्नाशी-साठी ओलांडलेला आहे आणि रक्तदाब, साखर, गुडघे घेऊन चालतो. हे आजार काल्याबरोबर संपत नाहीत. वीस दिवसांच्या दवाखान्याला ते झेपणारच नाहीत. वारकरी उरलेले अकरा महिने ज्या गावात राहतो तिथं त्याचा इलाज चालला पाहिजे. आणि त्या गावात एकीकडे उपकेंद्र आहे, आशाताई आहे, समुदाय आरोग्य अधिकारी आहे. दुसरीकडे देऊळ आहे, रोजचा हरिपाठ आहे, दर एकादशीचं भजन आहे. दोन्ही एकमेकांपासून दोनशे पावलांवर. आमच्याकडं तर बोळ ओलांडला की झालं.

त्या वर्षी विणेकऱ्यांना लकवा झाल्यावर आम्ही दिंडीच्या वहीपासून सुरुवात केली. प्रत्येक दिंडीची वही असतेच. कोण आलंय, भिशी कुणी दिली, कुणाची वळकटी कुठल्या ट्रकमध्ये, कोण कुठल्या राहुटीत. त्यात आम्ही दोन रकाने वाढवले. गोळी चालू आहे का, आणि घरच्या माणसाचा फोन. ज्येष्ठात, निघायच्या आधी पंधरा दिवस, उपकेंद्रात सगळ्यांची तपासणी करून घेतली आणि ज्यांच्या गोळ्या चालू त्यांना महिन्याभराच्या बांधून दिल्या. वाटेत गोळी कधी घ्यायची हा घोळ होता, कारण चालीत जेवणाची वेळ ठरलेली नसते. डॉक्टरांना विचारून रक्तदाबाची गोळी संध्याकाळच्या हरिपाठाला बांधली. हरिपाठ झाला की वहीवाला नाव घेतो, माणूस हात वर करतो, गोळी तोंडात जाते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वाऱ्या अशा केल्या. गावात आता दर एकादशीला संध्याकाळी सभामंडपात रक्तदाब तपासला जातो. समुदाय आरोग्य अधिकारी मुलगी यंत्र घेऊन येते, आशाताई नावं घेते. जी म्हातारी उपकेंद्राची पायरी कधी चढली नाही ती देवळात आपण होऊन हात पुढे करते.

एकादशीचीच दुसरी गोष्ट. आमच्यातल्या कितीतरी जणी साखरेची गोळी चालू असताना निर्जळी उपवास धरतात. पंढरपुरात दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहायचं, पोटात काही नाही आणि सकाळची गोळी मात्र नेमानं घेतलेली. मग घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस बारीतच खाली बसतो आणि शेजारची म्हणते, अंगात आलं. मी नोकरीत असताना उपवास करू नका असं सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही, आणि खरं तर तसं सांगायचा मला अधिकारही नव्हता. गेल्या सप्ताहात आमच्या कीर्तनकार महाराजांना मी ही अडचण समजावून सांगितली. त्यांनी कीर्तनात सांगितलं, “गोळीनं उपास मोडत नाही. आधी डॉक्टरला विचारा एकादशीला गोळी कशी घ्यायची, आणि विठोबाला चक्कर आलेला भक्त नको आहे.” दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात सात बाया विचारायला आल्या. मी वीस वर्षं भिंतींवर घोषवाक्यं रंगवून घेतली, पण एका दिवसात सात जणी कधी आल्या नव्हत्या.

तंबाखूबद्दल मात्र आम्ही वारकऱ्यांनी स्वतःकडे पाहिलं पाहिजे. माळ घातली की मांस सुटतं, दारू सुटते, आणि गालात तंबाखूची गोळी तशीच राहते. बायांची मशेरी तर सकाळच्या दातांच्या नावाखाली दिवसातून पाच वेळा. राहुटीत तंबाखूची पिशवी फिरते ती प्रसाद फिरावा तशी. तोंडाच्या कर्करोगाचे पांढरे चट्टे मी माळकऱ्यांच्या गालात पाहिलेत. माळ घालताना जे महाराज दारू-मांसाची शपथ घालतात त्यांनी तंबाखू आणि मशेरीचंही नाव घ्यावं, ही माझी हात जोडून विनंती आहे. आरोग्यखात्याची कितीही पत्रकं त्या एका वाक्याची बरोबरी करणार नाहीत.

हे फक्त देवळापुरतं आहे असं कुणी समजू नये. पोलिओच्या फेऱ्यांमध्ये एका मोहल्ल्यात दारं बंद व्हायची. डोस दिल्यानं पोरं होत नाहीत ही अफवा. आम्ही मौलानांकडे गेलो. त्यांनी शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं आणि स्वतःच्या नातवाला बूथवर आणून सर्वांसमोर थेंब पाजले. त्या दुपारी आमच्या डब्यातल्या कुप्या कमी पडल्या. देशात शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला, त्यामागे असे किती मौलाना, किती पुजारी असतील! २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला तेव्हाही मुंबई महापालिकेला लसीकरणासाठी धर्मगुरूंची मदत घ्यावी लागली. माझं म्हणणं एवढंच की साथ आल्यावर धावत जाण्यापेक्षा हे नातं आधीपासून हवं. जिथं बुद्धविहार आहे तिथं विहारात, जिथं चर्च आहे तिथं चर्चमध्ये. गावच्या देवळात न येणारी वस्तीही त्याच उपकेंद्राची आहे. एकादशीला देवळात रक्तदाब तपासला आणि तिकडे कुणी गेलं नाही, तर ते काम अर्धं राहिलं असं मी मानते. आमची समुदाय आरोग्य अधिकारी दर पौर्णिमेला विहारात बसते, तिनं ते न सांगता सुरू केलं.

याला काही हद्दी हव्यात, त्याही सांगते. दिंडीच्या वहीत रक्तदाब आणि साखरेच्या गोळीपलीकडे काही लिहायचं नाही. क्षयरोग, बायकांचे आजार, मनाचे आजार चार माणसांत उघडे पडता कामा नयेत. ते उपकेंद्राच्या कपाटातच राहतील. दुसरं, देवळात आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे पुढाऱ्यांचा सत्कार आणि फलक नव्हे. आशाताईला कीर्तनाआधी पाच मिनिटं द्या, पुरे झालं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. धर्माच्या माणसानं औषध देऊ नये. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रानं उतरवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तरी श्रावणात अजून माणसं आधी देवऋष्याकडे नेली जातात आणि मग आमच्याकडे उशिरा येतात. महाराजांनी त्या माणसाला गाडीत बसवून रुग्णालयात पाठवावं. त्यांचा शब्द त्या घडीला आमच्या शब्दापेक्षा लवकर ऐकला जातो.

आता मागणीकडे येते. वारीत दिली जाणारी चिठ्ठी दोन प्रतींत असावी. एक रुग्णाला, एक त्याच्या दिंडीप्रमुखाला. तिच्यावर ‘जवळचे प्रा. आ. केंद्र’ असं मोघम न लिहिता त्याच्या गावाच्या केंद्राचं नाव लिहावं. नाव विचारायला पाच सेकंद लागतात. वारी संपल्यावर पंधरा दिवसांत त्या नोंदी त्या त्या जिल्ह्याकडे आणि तिथून उपकेंद्राकडे जाव्यात, म्हणजे आशाताई यादी घेऊन दारात जाईल. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेला वारकरी पुण्या-सोलापुरात तपासला जातो. त्याची नोंद इथंच राहिली तर तिचा उपयोग काय? आणि ज्यांचा रक्तदाब धोक्याच्या पुढे आहे त्यांच्यासाठी समाज आरतीचा उपयोग व्हावा. रोज मुक्कामाला चोपदार चोप उंचावतात आणि हजारो माणसं क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि तिचं ऐकून घेतलं जातं. हरवलेल्या वस्तू कुठे मिळतील हे तिथं पुकारलं जातं. ‘ज्यांना आज दवाखान्यात चिठ्ठी मिळाली त्यांनी ती दिंडीप्रमुखाला दाखवावी,’ हे एक वाक्य तिथं पुकारायला संस्थानानं परवानगी द्यावी. चोपदारांच्या तोंडून आलेलं वाक्य वाऱ्यावर जाणार नाही.

आमचे विणेकरी आता घरीच असतात. वीणा त्यांच्या मुलाच्या गळ्यात आहे. बोलणं थोडं अडखळतं, उजवा हात कामाचा राहिलेला नाही. दर एकादशीला सून त्यांना सभामंडपात आणून बसवते आणि गोळ्यांची वही त्यांच्या मांडीवर ठेवते. कुणाच्या नावापुढे खूण नसेल तर ते डाव्या हातानं वहीवर टकटक करतात, जोवर तो माणूस उठून पुढे येत नाही तोवर.

आरोग्य खात्यातल्या कुणाला किंवा दुसऱ्या कुठल्या दिंडीला आमची वही पाहायची असेल तर कोणत्याही एकादशीला यावं. हरिपाठ सातला सुरू होतो, तपासणी सहापासून असते. रकाने कसे आखलेत ते मी बसून दाखवीन, हवं तर कोरी वही आखूनही देईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
ता. फलटण, जि. सातारा